उंबरठ्याची उंची

ब्रिटनमध्ये रस्ता ओलांडायच्या सिग्नलपाशी खांबावर बटणाची पेटी असते. तिच्या बुडाखाली हात घातला तर बोटांना एक छोटासा शंकू लागतो. अंगठ्याच्या पेराएवढा, कडेनं खाचा पाडलेला. एरवी तो निपचित असतो, पण हिरवा माणूस उजळला की बोटांमध्ये फिरायला लागतो. ज्याला दिवा दिसत नाही त्याच्यासाठी तो शंकू म्हणजेच हिरवा दिवा. बटण रोज हजारो माणसं दाबतात. खाली शंकू आहे हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

आवाजाची पिपाणी का बसवली नाही, असं कुणी विचारेल. बऱ्याच ठिकाणी आहेही. पण दोन सिग्नल जवळजवळ असले, किंवा रस्ता मधल्या बेटावर थांबून दोन टप्प्यांत ओलांडायचा असला, की शेजारच्या सिग्नलची पिपाणी ऐकून माणूस भलत्याच वेळी रस्त्यात उतरायचा. शंकूचं तसं नाही. तो ज्याच्या हातात, त्याच्यापुरताच बोलतो. ही पेटी शोधायलाही डोळे लागत नाहीत. पदपथावर फोडांसारखे उंचवटे असलेल्या फरशांची एक शेपटी आडवी काढलेली असते. तिच्यावरून चालत कडेपर्यंत गेलं की खांब हाताशी येतो.

मुंबईहून तिकडे शिकायला गेलेल्या अंध मुलीला हे कोण सांगणार? व्हिसाचा एजंट सांगत नाही, विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ते नसतं, आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगले पोहे कुठल्या दुकानात मिळतात याची चर्चा चाललेली असते. बहुधा दुसरा एखादा अंध माणूसच कधीतरी तिचा हात धरून त्या पेटीखाली नेतो.

अपंग माणसानं परदेशी जाऊन राहण्याविषयी आपल्याकडे दोन समजुती आहेत. एक म्हणजे ‘तिकडे काय, सगळी सोय असते.’ दुसरी, ‘अशा माणसाला व्हिसा कोण देणार?’ दोन्ही अर्ध्या खऱ्या आहेत, आणि पुष्कळदा एकाच देशाबद्दल. याचं कारण साधं आहे: दाराचा कायदा वेगळा आणि घराचा वेगळा. घराचा कायदा म्हणतो, हा माणूस आपला, त्याच्यासाठी रॅम्प बांधा. दाराचा कायदा विचारतो, हा आत आला तर रॅम्पचा खर्च किती?

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेनं १८८२ सालच्या कायद्यात ज्यांचा भार सरकारवर पडेल अशा माणसांना बंदरावरूनच परत पाठवायची तरतूद केली. दहा वर्षांनी न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावरचं केंद्र सुरू झालं. तिथले डॉक्टर जिना चढून येणाऱ्यांकडे नजर ठेवून उभे असत. सामान घेऊन चढताना कोण लंगडतो, कुणाला धाप लागते, हे काही क्षणांत हेरायचं आणि कोटावर खडूनं अक्षर ओढायचं. लंगडेपणाला एल, डोळ्यांना ई, हृदयाला एच. मनाविषयी शंका असली की एक्स. खडू लागलेल्याला बाजूला काढून पुन्हा तपासत. काही जण कोट उलटा करून घालत आणि तसेच पुढे सटकत, असंही सांगतात.

आता खडू गेला, हिशेबाचा तक्ता आला. ऑस्ट्रेलियात कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला की वैद्यकीय अधिकारी तुमच्या आजाराचा किंवा अपंगत्वाचा पुढच्या काही वर्षांचा सरकारी खर्च काढतो. त्याला मर्यादा आहे. ती जुलै २०२४ मध्ये ५१,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून ८६,००० वर नेली. यातली मेख अशी की हिशेब तुमचा नसतोच. तुमच्यासारखी प्रकृती असलेला एक काल्पनिक माणूस धरायचा, आणि त्याला कोणकोणत्या सेवांचा हक्क असेल ते मोजायचं. तुम्ही त्या सेवा घेणार का, तुमच्याकडे पैसे आहेत का, तुम्ही कर किती भराल, यानं ती बेरीज बदलत नाही. काही प्रकारच्या व्हिसांत सूट मागता येते, तेव्हा कुठे या गोष्टी बोलता येतात. शिवाय घरातला एक नापास झाला की सगळं घर नापास.

मेलबर्नपासून तीनेकशे किलोमीटरवर हॉर्शम नावाचं गाव आहे. तिथे डॉक्टर मिळेनात म्हणून जर्मनीहून एक तज्ज्ञ डॉक्टर सहकुटुंब आला. २००८ साली त्यानं कायम वास्तव्यासाठी अर्ज केला तो नाकारला गेला, कारण त्याच्या तेरा वर्षांच्या मुलाला डाउन सिंड्रोम होता. गाव चिडलं, वर्तमानपत्रं चिडली, आणि शेवटी इमिग्रेशन मंत्र्यांनी आपला खास अधिकार वापरून परवानगी दिली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियानं अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला होता. या कराराच्या अठराव्या कलमात अपंगांनाही इतरांसारखं जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं ठिकाण निवडण्याचं स्वातंत्र्य आहे, असं लिहिलंय. ऑस्ट्रेलियानं करार स्वीकारताना एक निवेदन जोडलं: आमच्या स्थलांतराच्या आरोग्य-अटींना या कराराची बाधा येत नाही, असं आम्ही समजतो. म्हणजे ‘या, घर आपलंच आहे, फक्त आत येऊ नका.’

न्यूझीलंडची तऱ्हा अशीच. तिथली मर्यादा २०२२ मध्ये ४१,००० न्यूझीलंड डॉलरवरून ८१,००० झाली. कॅनडात खर्चाची कात्री होती आणि अजून आहे, पण २०१८ मध्ये तिची धार बरीच बोथट केली गेली. वर्षाला ६,६५५ डॉलर ही मर्यादा तिप्पट करून १९,९६५ केली, आणि विशेष शिक्षण हिशेबातून काढून टाकलं. मतिमंद किंवा स्वमग्न मुलांच्या आईबापांसाठी हा दुसरा बदल पहिल्यापेक्षा मोठा होता. कारण अशा मुलावर डॉक्टरचा खर्च फारसा नसतोच, खर्च असतो तो शाळेचा.

ब्रिटन आणि जर्मनी अशी बेरीज करत नाहीत. ब्रिटनला जाताना भारतीयाला क्षयरोगाची तपासणी द्यावी लागते आणि आरोग्यसेवेचा अधिभार आगाऊ भरावा लागतो. विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पाउंड, नोकरदाराला १,०३५. पैसे भरले की पाय कापलेला आणि पाय मुरगळलेला दोघेही त्या सेवेला सारखे. मात्र व्हिसावर एक ओळ असते: सरकारी निधीवर हक्क नाही. अपंगांना मिळणारे भत्ते या ओळीत जातात, आणि कायम वास्तव्याचा हक्क हाती येईपर्यंत ते दुरूनच बघायचे. विद्यार्थ्यांचंही तसंच. तिथल्या अपंग विद्यार्थ्यांना वाचक, लेखनिक, सॉफ्टवेअर यांसाठी मिळणारा सरकारी भत्ता परदेशी विद्यार्थ्याला नाही. पण समानतेचा २०१० सालचा कायदा विद्यापीठाला लागू आहे, आणि तो नागरिकत्व विचारत नाही. परीक्षेला जादा वेळ द्यावाच लागतो, पुस्तकं वाचता येतील अशा रूपात द्यावीच लागतात, आणि खर्च विद्यापीठानं सोसायचा. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी मुलं मागतच नाहीत. प्रवेश रद्द करतील या भीतीनं अर्जात अपंगत्वाचा रकाना रिकामा सोडायचा सल्लाही आपल्याकडे सर्रास दिला जातो. माझ्या मते हा सल्ला वाईट आहे. लपवलेल्या गोष्टीसाठी रॅम्प कोण बांधणार?

जर्मनीकडे जरा निवांत बघू या, कारण पुण्याहून तिकडे जाणाऱ्या इंजिनीअरांची रांग आता बरीच लांब झाली आहे. समजा, कोथरूडची एक मुलगी आहे. लहानपणी पोलिओ, आता चाकाची खुर्ची. सॉफ्टवेअरमधली नोकरी मिळून ती श्टुटगार्टला निघाली. तिच्याकडे आपलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र आहे, त्यावर ७५ टक्के लिहिलंय. आपल्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि ४० टक्क्यांपुढे सवलती सुरू होतात. हे कार्ड श्टुटगार्टच्या कार्यालयात दाखवलं तर कारकून ते कौतुकानं बघेल आणि परत देईल. तिथलं मोजमाप वेगळं आहे. वीसपासून शंभरपर्यंत दहा-दहाच्या पायऱ्यांनी ‘बाधेची मात्रा’ ठरते. लोक बोलताना टक्के म्हणतात, कायदा म्हणत नाही. पन्नासला माणूस ‘श्वेरबेहिंडर्ट’ होतो, म्हणजे शब्दशः ‘जड बाधा असलेला’. आपण अपंगाचं दिव्यांग केलं. जर्मन कचेरीनं शब्दाला साखर लावायची तसदी घेतलेली नाही, पण शब्दामागे देणं ठेवलंय.

तिथलं अपंगत्वाचं कार्ड मिळायला नागरिकत्व लागत नाही. कायदेशीरपणे तिथे राहत असलात किंवा नोकरी करत असलात की पुरे. भारतातले रिपोर्ट शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मनमध्ये करून घ्यायचे, तिथल्या डॉक्टरचं पत्र जोडायचं, आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. कार्डावर मग अक्षरं येतात, आणि सगळी गंमत त्या अक्षरांत असते. एलिस बेटावरच्या खडूसारखीच अक्षरं, फक्त उलट कामासाठी. ‘गे’ म्हणजे चालायला अडचण. ‘आ-गे’ म्हणजे फारच अडचण, आणि त्यावर निळं पार्किंग कार्ड. ‘बे’ असेल तर सोबत्याला रेल्वेचं तिकीट लागत नाही. ‘बीएल’ म्हणजे अंध. या अक्षरांपैकी ठरावीक अक्षरं असतील तर थोडी रक्कम भरून वर्षभर गावातल्या बस-ट्राम फुकट. मात्रा पन्नास किंवा जास्त असली की वर्षाला पाच दिवस जादा रजा, आणि नोकरीचे पहिले सहा महिने उलटल्यावर सरकारी कार्यालयाच्या संमतीशिवाय काढून टाकता येत नाही. वीस किंवा अधिक जागा असलेल्या मालकानं पाच टक्के जागा अशा माणसांना द्यायच्या, नाहीतर दंडाची रक्कम भरायची. बरेच मालक रक्कम भरून मोकळे होतात, हेही सांगायला हवं.

विम्याचा मुद्दा निघण्याआधी समजून घ्यावा. जर्मनीत आरोग्य विमा दोन तऱ्हांचा आहे. सरकारी पद्धतीचा विमा नोकरदाराला घेताना प्रकृती विचारत नाही. हप्ता पगारावर ठरतो. खासगी विमा विचारतो, आणि विचारल्यावर हप्ता वाढवतो किंवा नकार देतो. पगार चांगला असलेल्या नव्या माणसाला खासगीवाले ‘स्वस्त पडेल’ म्हणून बोलावतात. कोथरूडच्या मुलीनं त्या वाटेला जाऊ नये. सरकारी विम्यातून तिला डॉक्टरच्या चिठ्ठीवर मापाची खुर्ची मिळते, दुरुस्तीसकट. खुर्ची बहुधा विम्याच्या मालकीची राहते, तिला वापरायला.

घर शोधताना एक शब्द नीट वाचायचा. जाहिरातीत ‘बारियरेफ्राय’ असेल तर अडथळे नाहीत, ‘बारियरआर्म’ असेल तर अडथळे ‘गरीब’, म्हणजे कमी आहेत. त्या ‘कमी’मध्ये एखादी पायरी सुखानं बसते. जर्मनीच्या बांधकाम मानकात पहिल्या प्रकारच्या घराला आतली दारं ८० सेंटिमीटर मोकळी लागतात. मानकात जिथे ‘आर’ हे अक्षर आहे, म्हणजे खुर्चीसाठी, तिथे ९०. आणि जुन्या इमारतींत तळमजला तळाला नसतोच. होखपार्टेरे म्हणतात त्याला, रस्त्यापासून सहा-सात पायऱ्या वर. फोनवर ‘तळमजला, तळमजला’ म्हणून ठरवलेलं घर बघायला जावं आणि फाटकातूनच परत फिरावं.

पण हे सगळं पोचल्यानंतरचं झालं. त्याआधी विमान आहे.

चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याची खुर्ची विमानाच्या दारात काढून घेतात. मग एक अरुंद, पट्ट्यांनी बांधायची खुर्ची येते, तिच्यावरून दोन माणसं धरून आसनावर ठेवतात, आणि आपली खुर्ची खाली सामानात जाते. ज्याला पाय आहेत त्याला यातलं भय कळणं अवघड आहे. तुमचे पाय काढून घेऊन कुणीतरी ते पट्ट्यावर टाकलेत आणि वर सुटकेस रचल्यात, असं समजा. म्हणून अनुभवी लोक निघण्याआधी खुर्चीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढतात, जॉयस्टिक गुंडाळतात, ‘इथे धरून उचलू नका’ असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवतात, आणि बसायची उशी खाली जाऊ देत नाहीत. ही उशी साधी नसते. मणक्याला इजा झालेल्याला खालच्या भागाची जाणीव नसते. नऊ तास एकाच जागी दाब पडला तर कातडी आतून सडू लागते आणि कळतही नाही. म्हणून विमानातही आपल्याच उशीवर बसायचं, आणि दर थोड्या वेळानं हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. शौचालयापर्यंत जाता येईल न येईल म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी तोडणारेही कमी नाहीत.

विजेच्या खुर्चीची बॅटरी वेगळीच कटकट. लिथियमची असेल आणि काढून घ्यावी लागणार असेल तर ती केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवावी लागते, आणि ३०० वॅट-अवरच्या आतच असावी लागते. दोन असतील तर प्रत्येकी १६०. खरेदी करताना हा आकडा कुणी विचारत नाही आणि विमानतळावर सगळे विचारतात. खुर्ची मोडलीच तर? आंतरराष्ट्रीय उड्डाणात १९९९ सालच्या मॉंट्रियल कराराप्रमाणे ती सामान धरतात. डिसेंबर २०२४ पासून सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन. रुपयांत ही रक्कम पावणेदोन-दोन लाख होते. विजेची चांगली खुर्ची याच्या कितीतरी पट महाग असते. सामान देताना जास्त किमतीचं विशेष घोषणापत्र भरून ही मर्यादा वाढवता येते. काउंटरवरच्या माणसाला ते बहुधा माहीत नसतं, तेव्हा कागद आपणच मागायचा.

खुर्ची निदान जशीच्या तशी चालते. जयपूर फूटची गोष्ट आणखी मजेची आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा पाय घडवला तो आपल्या माणसाचं बसणं-उठणं बघून. उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, अनवाणी शेतात जाता यावं. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बूट गृहीत धरून केलेले. टाचेची उंचीसुद्धा बुटाच्या मापानं. जयपूर फूट घालून टोरांटोला उतरलेल्या माणसाच्या पायात एक अख्खं गाव असतं, आणि तिथे ना उकिडवं बसायचं कारण, ना अनवाणी चालायची सोय. तिथल्या तंत्रज्ञाला तो पाय दुरुस्त करायला सांगितला तर तो आधी त्याचा फोटोच काढेल.

कान आणि हात यांचीही भाषा बदलते. खुणांची भाषा जगभर एकच असते असं कर्णबधिर नसलेल्या बहुतेकांना वाटतं. ती एक नाही. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात, आणि ती पद्धत ब्रिटिश पद्धतीवरून आलेली आहे. एका हाताच्या तर्जनीनं दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोकांना स्पर्श करत ए-ई-आय-ओ-यू म्हणायचे. अमेरिकन सांकेतिक भाषा फ्रेंच वंशाची. १८१७ मध्ये हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा निघाली, तिच्यासाठी लोरां क्लेर हा कर्णबधिर फ्रेंच शिक्षक तिकडे गेला आणि त्याच्या हातांबरोबर भाषाही गेली. तिची अक्षरं एका हाताची. त्यामुळे वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात, जिथे १८६४ पासून कर्णबधिरांचं उच्चशिक्षण चालतं, तिथे गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याला स्वतःचं नावसुद्धा नव्यानं लिहायला शिकावं लागतं. लंडनला गेलेला निदान नाव तरी सांगू शकतो. शब्द दोन्हीकडे वेगळेच. इंग्रजी बोलणारे अमेरिकन आणि ब्रिटिश एकमेकांना समजतात, त्यांचे कर्णबधिर मात्र एकमेकांना परके.

ब्रेल वाचणाऱ्यांचं नशीब जरा बरं. एकसंध इंग्रजी ब्रेल आता भारत, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि २०१६ पासून अमेरिकेतही चालतं. पण पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला रस्त्याची बाजू पुन्हा शिकावी लागते. आपल्याकडे पदपथावरून उतरताना पहिली गाडी उजवीकडून येते, म्हणून कान आधी उजवीकडे लागतो. जर्मनीत आणि अमेरिकेत ती डावीकडून येते. वीस वर्षांची कानाची सवय एका विमानप्रवासात उलटते. मग पहिला बर्फ पडतो. बर्फानं काठीला लागणारी कड बुजते, फरशांचे उंचवटे बुजतात, आणि आवाज शोषला जातो. भिंतीवरून परतणारा पावलांचा प्रतिध्वनी, ज्याच्यावर अंध माणूस ‘इथे गल्ली फुटली’ हे ओळखतो, तोच नाहीसा होतो. डोळसाला दाट धुक्यात होतं तसं.

या प्रतिध्वनीवर अख्खं आयुष्य चाललेला एक माणूस दादरला शिकून पुढे अमेरिकेला गेला होता. वेद मेहता. जन्म लाहोरचा, १९३४ चा. चार वर्षांचा होण्याआधी मेंदूच्या तापानं दृष्टी गेली. वडील डॉक्टर. त्यांनी पाच वर्षांचंही नसलेलं ते पंजाबी पोर दादरच्या अंधशाळेत पाठवलं. पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांना पत्रं गेली, नकार आले, आणि शेवटी अर्कान्सास राज्यातल्या लिटल रॉकच्या अंधशाळेनं होकार दिला. १९४९ साली पंधरा वर्षांचा वेद तिथे एकटा पोचला. त्या काळी तिथे गोऱ्या आणि काळ्या अंध मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. ज्यांना रंग दिसत नाही त्यांची रंगावरून वाटणी! वेद गोऱ्यांच्या शाळेत शिकला, मग पोमोना, ऑक्सफर्ड, हार्वर्ड, आणि १९६१ पासून तीस वर्षांहून अधिक काळ ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचा लेखक. काठी त्यानं वापरली नाही. खांब, झाड, भिंत यांनी अडवलेल्या आवाजाची जी सावली चेहऱ्याला जाणवते, तिच्या भरवशावर तो न्यूयॉर्कमध्ये हिंडला. लिटल रॉकच्या वर्षांवरच्या पुस्तकाचं नावच त्यानं ‘साउंड-शॅडोज ऑफ द न्यू वर्ल्ड’ ठेवलं.

त्याच्या काळी अमेरिकेत अपंगांचा कायदा नव्हता. तो १९९० मध्ये आला, आणि नोकरीच्या ठिकाणी सोय मागायला नागरिकत्व लागत नाही हे त्याचं बळ. मुलांचा कायदा त्याहून जुना, १९७५ चा. त्यामुळे सरकारी शाळेनं प्रत्येक अपंग मुलाची वेगळी शिक्षण-योजना लेखी करून द्यायची असते. तिकडच्या मराठी घरांत या योजनेचा ‘आयईपी’ हा शब्द आता ‘मुंज’ किंवा ‘बारसं’ यांच्यासारखा सहज ऐकू येतो. ‘उद्या आयईपी मीटिंग आहे, सुट्टी टाकलीय.’ स्वमग्न मुलाला वाचा-उपचार, मदतनीस, बस, सगळं शाळेकडून मिळतं, आईबापांचा व्हिसा कोणताही असो. म्हणूनच ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळलेली कितीतरी घरं परत यायचं नाव काढत नाहीत. पण मूल एकवीस वर्षांचं झालं की एच-फोर हा आश्रिताचा व्हिसा संपतो. एकवीस म्हणजे एकवीस. मूल स्वतःच्या हातानं जेवत नसलं तरी कायद्याच्या लेखी ते आता स्वतंत्र. शाळेची सोयही त्याच सुमारास संपते. दारात खर्चाची कात्री धरणारा कॅनडा इथे मात्र उदार आहे: प्रकृतीमुळे आईबापांवर अवलंबून असलेलं मूल तिथे बाविशीनंतरही आश्रितच धरतात. त्यामुळे ‘कुठला देश चांगला’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. कुणासाठी, कितव्या वर्षी, कोणत्या व्हिसावर, हे विचारल्याशिवाय.

कागदांइतकाच मोठा बदल माणसांचा असतो. आपल्याकडे पायऱ्या आल्या की माणसं येतात. ‘ए, धरा रे जरा,’ म्हटलं की पानवाला, रिक्षावाला, रस्त्यानं जाणारा कॉलेजचा पोरगा, तिघं मिळून खुर्ची माणसासकट उचलतात. कुठे धरावं हे विचारत नाहीत, कुठे चाललात हे मात्र विचारतात. तिकडे कुणी हात लावत नाही. उचलताना पडलात तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आधी येतो. बस खाली झुकते, चालक उतरून फळी टाकतो, तुम्ही चढता, आणि यात कुणी तुमच्याशी बोललेलंही नसतं. घरात मदतीला येणाऱ्या मावशी हा प्रकार तिथे तासाच्या दरानं मिळतो. जर्मनीत सरकारी खर्चानं मदतनीस मिळू शकतो, पण तुम्ही तिथे कायमचे राहणार असं दिसत नसेल तर ते अधिकाऱ्याच्या विवेकावर राहतं. कोथरूडच्या मुलीला पहिल्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त आठवण कसली येत असेल, तर बहुधा कुणीतरी न विचारता चहा आणून ठेवण्याची. आणि तरीही त्याच हिवाळ्यात ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी, कुणाला न सांगता, सिनेमा बघून येते.

वर्ष-दीड वर्षानं ती डिसेंबरात सुट्टीला येते. श्टुटगार्टमध्ये ती स्वयंपाक करते, ट्राम पकडते, बँकेत जाते. मुंबईला उतरून टॅक्सीनं कोथरूडला पोचते. सोसायटीच्या दारात तीन पायऱ्या. त्या तिच्या लहानपणापासून आहेत, तेव्हा त्या मोजायची वेळ आली नव्हती. वॉचमन धावत येतो, ‘ताई, थांबा,’ म्हणतो आणि इस्त्रीवाल्याला हाक मारतो. आई वरून गॅलरीतून ओरडते, ‘सांभाळून रे, तिला धक्का लागेल!’ दोघं दोन बाजूंनी वाकतात.

‘हँडलला धरू नका,’ ती म्हणते, ‘ते निघून येतं. खाली, फ्रेमला धरा. आणि मी तीन म्हटल्यावर.’

इस्त्रीवाला वॉचमनकडे बघतो. मग दोघं फ्रेम शोधतात.